टेबलावरचा कान

माझं काम म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं, तेही बंद दाराआडचं. आईबापांची परवानगी असते, सगळं रीतसर असतं. तरी कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसलं की चोरून ऐकल्यासारखंच वाटतं. नवरा म्हणतो, लोक हे काम हौसेने करतात, तुला त्यासाठी डिग्री लागली.

त्याचं काय जातंय बोलायला. नीट सांगते. शाळांमधून मुलांच्या मनाचं बघणारे समुपदेशक असतात. कुणी घाबरतं, कुणी मारामाऱ्या करतं, कुणी वर्गात यायलाच तयार नसतं, अशी मुलं त्यांच्या खोलीत येतात. माणसं मायाळू असतात, पण प्रत्येकाची आपापली रीत. कुठल्या त्रासावर कशाने खरोखर गुण येतो हे आता पुष्कळ पारखून झालेलं आहे, पण ते जाडजूड पुस्तकांत पडून राहतं, शाळेतल्या खोलीपर्यंत पोचत नाही. ते पोचवायचं हे माझं काम. नुसतं शिबिर घेऊन भागत नाही. शिबिरात सगळे माना डोलावतात आणि सोमवारी पुन्हा जुन्याच वाटेला लागतात. म्हणून आम्ही पिच्छा पुरवतो. समुपदेशकाने मुलाबरोबरचा तास रेकॉर्ड करून पाठवायचा, मी तो ऐकायचा, आणि आठवड्याच्या आठवड्याला फोनवर सांगायचं की इथे छान झालं, इथे घसरलात.

पूर्वी मीही अशाच एका खोलीत बसायचे. जिन्याखालची खोली, एक भिंत कायम ओली, आणि दाराबाहेर काढून ठेवलेले चिमुकले बूट. बुटांवरून मला कळायचं आत कोण आलंय आणि कुठल्या मूडमध्ये आलंय. मग मला बढती मिळाली, म्हणजे मुलं काढून घेतली आणि हेडफोन दिला. आता मुलांचे आवाज येतात, मुलं येत नाहीत. समोरचा दात पडल्यामुळे कुणी बोबडं बोलतं, तर ती फट मला दिसत नाही. मला त्या खोलीची आठवण येते. फार येते. पण बढतीबद्दल रडणाऱ्या बाईला लोक वेड्यात काढतात, म्हणून मी हे कुणाला सांगत नाही.

काकूंची रेकॉर्डिंग यायला लागली ती अशा दिवसांत.

काकू म्हणजे एका जुन्या शाळेतल्या समुपदेशक, निवृत्तीला टेकलेल्या. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात, म्हणून मीही. शिबिरात त्या पहिल्या रांगेत बसून स्वेटर विणत होत्या आणि माझं बोलून झाल्यावर सुया खाली ठेवून म्हणाल्या, "सगळं पटलं बाईसाहेब, पण तुमच्या या पद्धतीत माया कुठे बसते?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "माया तुम्ही घेऊन या काकू. जागा आम्ही ठेवलीय."

त्या खो खो हसल्या. तेव्हाच मला त्या आवडल्या, पण तसं दाखवायचं नसतं.

त्यांच्याकडे एक मुलगी होती. रेकॉर्डिंगमध्ये मुलांचं खरं नाव घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे, म्हणून काकूंनी तिचं नाव ठेवलं राणीसरकार. तिसरीतली पोर. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. शाळेत आल्यापासून ती तिथे कुणाशीही एक शब्द बोललेली नव्हती. बाईंशी नाही, मैत्रिणींशी नाही. लोकांना हा हट्ट वाटतो. हट्ट नसतो तो. आपला आवाज कुणीतरी ऐकेल, ही भीती असते, आणि ती भीती इतकी मोठी असते की घसा आपोआप बंद होतो.

एकदा तिचं पोट दुखत होतं. बाहेर जाऊ का, एवढं विचारता आलं नाही. मग जे व्हायचं ते वर्गातच झालं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर मुख्याध्यापिकांनी काकूंना बोलावून सांगितलं, की परीक्षेपर्यंत ही एका माणसाशी तरी बोलली पाहिजे, नाहीतर तिला वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल. ती शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिथल्या मुलांच्या अडचणी निराळ्या होत्या. तिथे ही पोर कायमची मिटून जाईल, असं काकूंना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

अशा मुलांसाठीची पद्धत पारखलेली आहे, आणि ती सगळी पायऱ्यापायऱ्यांची आहे. आधी मूल आणि त्याची आई, दोघंच शाळेतल्या त्या खोलीत खेळतात. आईशी ते बोलायला लागतं. मग समुपदेशक दारात उभा राहतो, मग कपाटापाशी, मग खुर्चीवर, मग हळूच खेळात. घाई करायची नाही, कौतुकाचा गोंधळ घालायचा नाही, आणि काही विचारलं तर थांबायचं. या थांबण्यातच सगळी गोम आहे, कारण मायाळू माणसाला तेच जमत नाही.

काकूंची पहिली टेप ऐकताना मी कपाळाला हात लावला. आईला बाजूला ठेवून काकूच सुरू. "राणीसरकार, लाल खडू घेणार की निळा? लाल ना? लालच. अगं बाई, किती सुंदर लाल. घर काढणार का? घरच काढतेय ती. हो की नाही हो आई?" सुई शिरायला फट नाही. पोरीला बोलायचं असतं तरी कुठून बोलणार?

फोनवर म्हटलं, "काकू, विचारलंत तुम्ही आणि उत्तरही तुम्हीच दिलंत."

"अहो, तिचा चेहरा इतका केविलवाणा होतो. बघवत नाही मला."

"बघवत नाही तुम्हांला, आणि गप्प बसते ती. थांबा. विचारलं की मनात पाच मोजा."

"पाच मोजेपर्यंत माझा जीव जातो."

"जाऊ दे. मी परत आणून देईन."

मग आम्ही फोनवर तालीम सुरू केली. मी राणीसरकार व्हायचं. काकू विचारणार, लाल की निळा, आणि मी गप्प. काकू गप्प. दोघी दोन घरांत रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या. नवरा एकदा खोलीत आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "लाइन कट झाली असेल तर ठेव की आता." मी हातानेच त्याला हाकललं. खरं सांगू का, त्या पाच आकड्यांत मला फार बरं वाटायचं. कुणीतरी माझ्यासमोर बसलंय आणि मी काय म्हणते याची वाट बघतंय, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

माझी लेक दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. लहानपणी तिची बडबड थांबवायला मी तिला शेजारी पाठवायचे. आता फोनवर माझ्या वाट्याला "हं", "बरं", "बघू" एवढंच येतं. मी तिला चांगले, मोकळे प्रश्न विचारते, शिबिरात शिकवते तसले. "आज दिवसभरात तुला सगळ्यात बरं कधी वाटलं?" ती म्हणते, "आई, मी तुझी केस नाहीये. बाबांकडे दे." मग बापलेक फोनचा स्पीकर लावून खिदळत बसतात, आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत तिचा आवाज ऐकत राहते. तिथे हेडफोनही लागत नाही.

काकूंना थांबणं जमायला लागलं. आधी दोन आकडे, मग तीन. मग एका टेपमध्ये त्या म्हणाल्या, "लाल की निळा?" आणि खरोखर थांबल्या. मी खुर्चीत ताठ बसले. पंख्याची घरघर, दूर कुठेतरी कवायतीची शिट्टी, खडूचा डबा सरकल्याचा आवाज. माझा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. आणि मग काहीच नाही. खडू उचलल्याचा आवाज आला फक्त. मला तो खडू कुठला होता हेसुद्धा कळलं नाही.

पुढचे कितीतरी तास असेच गेले. मी इतर शाळांची रेकॉर्डिंग ऐकायचे, त्यांना सूचना द्यायचे, पण काकूंची टेप आली की आधी दार लावून घ्यायचे आणि मग ऐकायचे. त्या पोरीच्या आवाजाची मला ओढच लागली. तो कसा असेल याचे मी अंदाज बांधायचे. बारीक असेल, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा. जरासा कापत असेल. भाजी निवडताना, रस्त्याने चालताना मी तो मनात ऐकायचे, आणि ज्या मुलीला मी कधी पाहिलंही नव्हतं तिची मला आपल्या माणसासारखी आठवण यायची. हे काही बरं लक्षण नव्हे, माझ्या धंद्यात तर नव्हेच. पण होत होतं तसं.

काकूंचं आता काही चुकत नव्हतं, तरी घोडं कुठेतरी पेंड खात होतं. पोरगी काकूंशी बोलत नव्हती हे समजण्यासारखं होतं. पण ती आईशीही बोलत नव्हती. काकूंना मी खोलीबाहेर काढलं, दार बंद, खिडकीला पडदा, आत दोघीच मायलेकी, तरी टेपवर एकट्या आईचा आवाज. "बघ हं, मी हा तुकडा इथे लावते." पोर गप्प. ही पहिली पायरी. इथे सहसा कुणी अडत नाही. आई म्हणायची, "अहो, फाटकापर्यंत नुसती टकळी चालू असते हो हिची."

आमच्या कार्यालयात या सगळ्या कामाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई आहेत. हुशार, शांत, मला कधीकधी फार शांत वाटतात. त्या म्हणाल्या, एखादं मूल अवघड असतं. तिकडे परीक्षा जवळ आली आणि मुख्याध्यापिकांनी त्या दुसऱ्या शाळेत चौकशी सुरू केली. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओला होता. "बाईसाहेब, माझ्याच हाताला यश नाही. तुमची पद्धत चांगलीच असणार. मीच जुनी झाले."

"उगाच काहीतरी बोलू नका," मी खेकसले. मला समजूत घालता येत नाही असं नाही, पण रडू आलं की मी आधी खेकसते. "पुढची टेप पाठवा."

ती टेप सुरू झाली तेव्हा मला वाटलं, रेकॉर्डर बिघडलाय. सगळं गुदमरल्यासारखं, पाण्याखालून आल्यासारखं. मग लक्षात आलं, काकूंच्या हातून बटण आधीच दाबलं गेलं होतं आणि रेकॉर्डर त्यांच्या पिशवीत होता, लोकरीच्या गुंड्यांमध्ये. आई लांबून काहीतरी बोलत होती. पेन्सिल कागदावर चालत होती, खसखस, न थांबता. टेबलाच्या पायावर कुणीतरी टाचेने ठेका धरला होता. आणि त्या सगळ्याच्या खाली एक गुणगुण होती.

पंखा असेल, म्हटलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पंखा सूर बदलत नाही. ही गुणगुण वर जात होती, खाली येत होती, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

मग बाहेर जायला निघालेल्या काकूंचं "हे बाई राहिलंच" ऐकू आलं, पिशवीची सरसर झाली, आवाज एकदम स्वच्छ झाला आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवल्याचं टक् आलं. गुणगुण थांबली. टाचेचा ठेका थांबला. पेन्सिलसुद्धा थांबली.

मी तो तुकडा किती वेळा ऐकला याचा हिशेब नाही. शेवटी हेडफोन काढून ठेवला. तिला भीती कशाची होती? कुणी ऐकेल याची. आणि आम्ही काय केलं होतं? तिच्या समोर टेबलावर लाल दिवा लागलेला एक कान आणून ठेवला होता, आणि वर प्रामाणिकपणे समजावून सांगितलं होतं, की घाबरू नकोस हं, एक बाई आहेत, त्या हे नंतर ऐकणार आहेत. ती आईबरोबर एकटी कधी नव्हतीच. आम्ही काकूंना खोलीबाहेर काढलं, पडदे लावले, आणि मी टेबलावर बसून राहिले होते. बाकी कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं तर चाललं असतं, पण आमच्या यायला हवं होतं. ऐकण्यात आम्ही इतके दंग, की ऐकणारं माणूसही खोलीत जागा अडवतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटलं, काकूंचं रेकॉर्डिंग बंद करायचं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं," त्या म्हणाल्या. "पण टेप नसेल तर काकू पद्धतीने काम करतात की नाही हे आपल्याला कसं कळणार? आपण लोकांना पुराव्यानिशी काम करा म्हणून सांगतो. टेप हाच आपला पुरावा."

"मग काय, पुरावा मिळावा म्हणून पोरीला गप्प ठेवायचं?"

"आवाज चढवू नका."

"माझा आहेच तसा."

त्या जराशा हसल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "टेप नसेल तर काकूंना पद्धत शिकल्याचं आपलं प्रमाणपत्र देता येणार नाही. ते त्यांना आधी सांगा. आणि दुसरं, तुम्हांलाही काही ऐकू येणार नाही. ती बोलली, तरीही."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर त्या म्हणेपर्यंत ते माझ्या मनात नीट उतरलं नव्हतं. दोन वाक्यांनी मी माझ्या हाताने ते दार लावून घेतलं होतं.

काकूंना प्रमाणपत्राचं सांगितलं तर म्हणाल्या, "चुलीत घाला ते. निवृत्त झाल्यावर काय गळ्यात अडकवून फिरू?" मग जरा थांबल्या, आता त्यांना थांबता येत होतं. "पण तुम्ही तिचा आवाज ऐकायला इतके दिवस बसलात. तुमचं काय?"

मी म्हटलं, माझं काही नाही.

रेकॉर्डर कपाटात गेला. काकूंनी पोरीला तो कपाटात ठेवताना दाखवला, कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली, आणि त्या बाहेर गेल्या. त्यानंतर काय झालं ते मला फक्त काकूंच्या तोंडून कळायचं, आणि काकूंची सांगण्याची तऱ्हा अशी की माणसाला घाम फुटावा. "आज छान झालं."

"छान म्हणजे काय काकू? आईशी बोलली?"

"बोलली असणार. मी बाहेर होते ना. आईचा चेहरा फुलला होता."

"आवाज आला का बाहेर?"

"मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले. तुम्हीच सांगितलं होतंत."

मीच सांगितलं होतं. माझे कान मला नुसते खायला उठले होते. बाकीच्या टेप ऐकताना माझं लक्ष लागेना. काकू दारात उभ्या राहायला लागल्या. पोर कुजबुजत राहिली. काकू कपाटापाशी आल्या; कुजबुज एक दिवस थांबली, पुन्हा सुरू झाली. काकू खुर्चीवर बसल्या. लेकीचा फोन आला तेव्हा तिला मी यातलंच काहीबाही सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले. ती म्हणाली, "हॅलो? आई? आहेस ना?" मी म्हटलं, आहे. "मग बोल ना." मला हसू आलं. तिला ते हसू कळलं नसावं, पण त्या दिवशी तिने फोन बाबांकडे द्यायला जरा उशीर केला.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला. आठवड्याच्या ठरल्या वेळेचा नव्हता.

"बोलली," काकू म्हणाल्या.

मी उभी होते ती खाली बसले. "काय? कुणाशी?"

"माझ्याशी हो. सापशिडी खेळत होतो. तिघी. मला सवय ना, तिचं दान पडलं की मीच तिची सोंगटी सरकवते. आजही उचलली. तर म्हणाली, थांबा."

मी रिसीव्हर कानावर दाबून धरला.

"थांबा, म्हणाली. मी सरकवते, म्हणाली. ऐकताय ना बाईसाहेब? तुम्ही इतके दिवस घसा कोरडा केलात आणि मला शेवटी तिने सांगितलं."

"तुम्ही काय केलंत?"

"सोंगटी खाली ठेवली. बरं, म्हटलं. कौतुक केलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळं तुमच्या पद्धतीने. मग कपाटात काहीतरी शोधायला गेले. कपाटाच्या दाराआड उभी राहून डोळे पुसले. ते तुमच्या पद्धतीत बसतं का?"

"बसतं," मी म्हटलं. मग न राहवून विचारलं, "काकू, आवाज कसा आहे तिचा?"

काकूंनी बराच विचार केला. "घोगरा आहे. चांगला जाडाभरडा. सर्दी नसताना सर्दी झाल्यासारखा. बाजारातल्या बाईसारखा ठणठणीत आहे हो, एवढ्याशा पोरीचा."

आणि मी मेली इतके दिवस पेन्सिलीचं टोक धरून बसले होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात एकटी असताना मी तो आवाज काढून बघितला. घोगरा करून म्हटलं, "थांबा." बाहेरून नवरा म्हणाला, "थांबलो. काय झालं?" मला हसताहसताच रडू फुटलं.

त्यानंतर ती एका मैत्रिणीशी बोलली, मग वर्गाच्या बाईंच्या कानात. परीक्षा झाली. दुसऱ्या शाळेची गोष्ट मुख्याध्यापिकांनी पुन्हा काढली नाही. काकूंच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. त्या म्हणाल्या, "एकदा या. आम्ही कुठे बसतो ते बघा, चहा घ्या."

मी गेले, आणि वेळेआधी पोचले. वरच्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा, शेवटून दुसरी खोली. दार लोटलेलं होतं. दाराबाहेर बूट होते, छोटे, निळे, एकाचा पट्टा निघालेला आणि सेफ्टीपिनने जोडलेला. मी त्या बुटांकडे बघत उभी राहिले. कितीतरी वर्षांनी मला आत कोण आहे हे बुटांवरून कळत होतं.

आतून काकूंचा आवाज आला. "मग आता काय काढायचं?" आणि मग शांतता. काकू थांबल्या होत्या. ती शांतता मला पाठ होती. तिच्यात कुठे पंखा येतो, कुठे खुर्ची करकरते, सगळं पाठ. फरक एवढाच, की आता या शांततेनंतर उत्तर येणार होतं. मी दारापासून दोन हातांवर होते. मला फक्त उभं राहायचं होतं.

मी वळले आणि झपाझप चालत व्हरांड्याच्या पार टोकाला गेले. तिथे पाणी प्यायचा नळ होता. तो मी पूर्ण सोडला. पाणी खाली दगडावर जोरात आपटायला लागलं, आणि दुसरं काही ऐकू येईनासं झालं. मी तिथेच उभी राहिले, नळाला धरून. माझ्याएवढी बाई अशी उभी राहिलेली कुणी बघितली असती तर काय म्हणालं असतं, देव जाणे.

थोड्या वेळाने माझ्या हाताशेजारून एक छोटा हात आला आणि त्याने नळ बंद केला. घट्ट पिळून, नीट. मी खाली बघितलं. निळे बूट, पट्टा अर्धवट लावलेला, दोन वेण्या, आणि कपाळाला आठ्या. पाणी वाया घालवणाऱ्या बाईकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती.

माझ्या जिभेवर इतकं काही आलं. नाव काय तुझं. काय काढलंस आज. मीच ती, टेबलावर बसायचे ती. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मग तिने नळ पुन्हा एकदा तपासला, पळत जिन्याकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

काकू बाहेर आल्या, हातात विणकाम. आम्ही दोघी जिन्याजवळच्या खिडकीपाशी उभ्या राहिलो. खिडकीची काच बंद होती. खाली मैदानात तिची आई उभी होती. पोर धावत गेली, आईचा हात धरला, आणि दोघी चालायला लागल्या. मग तिचं डोकं हलायला लागलं. मोकळा हात वर गेला, खाली आला, मोठ्ठं काहीतरी दाखवून गेला. ती उलटी चालत आईसमोर आली आणि दोन्ही हात पसरून बोलायला लागली, तोंड भरून, न थांबता. फाटक अजून मैदानाच्या पलीकडे, चांगलं लांब होतं.

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. हातातलं विणकाम काखेत धरलं आणि त्या खिडकीची कडी काढायला पुढे झाल्या. "वारा इकडचाच आहे," त्या म्हणाल्या, "ऐकू येईल."

"थांबा," मी म्हटलं.